इस्टेट एजंटने वर्षाचं नियोजन नेमकं कशाचं करायचं?

उंबरठा

नवं वर्ष तोंडावर आलं की आमच्या धंद्यात एकच प्रश्न फिरायला लागतो : यंदाचं टार्गेट किती? ऑफिसातल्या फळ्यावर एक आकडा लिहिला जातो, त्याला बाराने भागून महिन्याचा आकडा काढला जातो आणि झालं नियोजन. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते. इथे या धंद्यातली बरीच जाणती मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं असं की सौदा बसणं माझ्या हातात नाही. मालकाचं मन फिरतं, घेणाऱ्याचं कर्ज अडतं, कागदपत्रांत एखाद्या वारसाची सही राहिलेली निघते. यातलं काहीही झालं की सौदा लांबतो नाहीतर फिसकटतो. माझ्या हातात दोनच गोष्टी आहेत : आठवडाभरात मी काय काम करते, आणि आलेली दलाली किती महिने पुरवते. नियोजन या दोन गोष्टींचं करावं. सौद्यांचा आकडा अंदाज म्हणून बाजूला लिहून ठेवावा, पण त्याच्या भरवशावर वर्ष उभं करू नये.

याला आणखी एक कारण आहे आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढच्या दोन महिन्यांचा खर्च हातात नसला की एजंट पार्टीच्या गळ्यात नको ते घर मारतो. तो माणूस वाईट असतो असं नाही, त्याचे स्वतःचे हप्ते थकलेले असतात. ज्याच्याकडे शिल्लक आहे तोच समोरच्याला ‘हे घर तुमच्यासाठी नाही’ असं म्हणू शकतो. वर्षाचं नियोजन करायचं ते यासाठी.

पूर्ण झालेल्या प्रत्येक सौद्यासमोर मी चार नोंदी ठेवते. पार्टी कुठून आली, पहिला फोन कधी झाला, टोकन (घर पक्कं करायला दिलेली सुरुवातीची रक्कम) कधी पडलं आणि दलाली खात्यात कधी जमा झाली. वर्षअखेरीला ती वही घेऊन बसलं की दिसतं, पहिल्या फोनपासून पैसे जमा होईपर्यंत किती काळ जातो. विक्रीच्या व्यवहारात हे अंतर सहज काही महिन्यांचं असतं. म्हणजे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीची कमाई यंदाच्या शेवटच्या तिमाहीत केलेल्या कामातूनच यायची असते, आणि नेमकं तेव्हाच आम्ही वर्ष संपलं म्हणून सैलावतो.

तुम्ही कसं करता? सौदे धरून, कमाई धरून की काम धरून? आणि ठरवलेलं मध्येच बदलता का?

---

निवांत

चांगला धागा. तूर्त रुमाल टाकून ठेवतो, सावकाश लिहीन.

---

चावीचा_जुडगा

उंबरठा, मनापासून लिहिलंय पण मला पटलं नाही. आकडा नसेल तर माणूस हलत नाही. आमच्या धंद्यात सकाळी ‘ये’ म्हणणारा साहेब नसतो, आकडाच आपला साहेब.

फक्त आकडा हवेतून काढायचा नाही, उलटा काढायचा. आधी घराला वर्षभर काय लागतं ते लिहा. मग धंद्याचा खर्च लिहा : ऑफिसभाडं, जाहिरात, पेट्रोल, फोन, मदतनीसाचा पगार, नोंदणीची फी. मग कर. समजा घराला ५५, धंद्याला २५ आणि कराला २० असे १०० लागतात. तुमच्या सरासरी सौद्यातून ८ मिळत असतील तर तेरा सौदे हवेत. आता तुमच्या वहीत बघा, एका सौद्यामागे किती पार्ट्या प्रत्यक्ष घरं बघायला येतात. दहा येत असतील तर वर्षाला १३० पार्ट्या, म्हणजे आठवड्याला अडीच. हे झालं आठवड्याचं काम. म्हणजे तुम्ही म्हणता तिथेच मी पोचलो, पण आकड्यावरून पोचलो.

अनेक जण दलालीतून कराचे पैसे बाजूला काढतच नाहीत. पैसे जमा झाले त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे, त्यात चालढकल नको.

---

दुसरा_मजला

+१ कराच्या वेगळ्या खात्याला.

---

आकडेमोड

मी एजंट नाही, संख्याशास्त्र शिकवतो. भाऊ या धंद्यात आहे, त्यामुळे हा विषय घरात रोज ऐकतो. चावीचा_जुडगा यांनी केलेला उलटा हिशोब बरोबर आहे, पण शेवटी जे ‘बाराने भागणं’ येतं तिथे मोठी गल्लत होते.

समजा एखाद्याचे वर्षाला सरासरी बारा सौदे होतात. लोक धरून चालतात की महिन्याला एक. प्रत्यक्षात सौदे असे रांगेत येत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा घटनांसाठी पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र आहे, १८३७ पासूनचं. ते लावलं तर एखाद्या महिन्यात एकही सौदा न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के येते. म्हणजे वर्षातले चार-साडेचार महिने रिकामे जाणं हे अगदी सर्वसाधारण वर्ष आहे! त्यात एजंटचा काही दोष नाही, बाजार पडला असंही नाही.

आणखी पुढे. सलग तीन महिने रिकामे जाण्याचा प्रसंग वर्षभरात कधीतरी येण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास निघते. साधारण तीन वर्षांतून एकदा. माझ्या भावाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. आदल्या वर्षीच्या अशा तीन महिन्यांत त्याने धंदा सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं.

वर्षाच्या एकूण आकड्याचंही तेच. सरासरी बारा असेल तर दहातल्या साधारण सात वर्षी आकडा नऊ ते पंधराच्या मध्ये पडेल. बाराचे पंधरा झाले म्हणून नवी जाहिरात लागू पडली असं म्हणता येत नाही, आणि नऊ झाले म्हणून मदतनीसाला काढायचंही कारण नाही.

खऱ्या बाजारात हंगाम असतो, व्याजदर असतात, त्यामुळे चढउतार या हिशोबापेक्षा जास्तच असणार, कमी नाही.

---

पायवाट

बापरे. मी नुकतीच या धंद्यात आले आहे आणि माझे दोन महिने रिकामे गेलेत. आज पहिल्यांदा जरा झोप लागेल.

---

चावीचा_जुडगा

आकडेमोड, मग नियोजन करूच नये असं म्हणायचंय का?

---

आकडेमोड

उलट. यातून नियोजनाला दोन ठोस गोष्टी मिळतात. एक, शिल्लक किती हवी. सलग तीन महिने सौदा नाही हे तीन वर्षांतून एकदा होणारच असेल, आणि टोकननंतर दलाली हातात यायला आणखी दोन-तीन महिने जात असतील, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असायला हवा. तीन महिन्यांची शिल्लक मला अपुरी वाटते. दोन, स्वतःला कशावरून जोखायचं. महिन्याच्या सौद्यांवरून जोखलं तर तुम्ही नशिबाला गुण देत बसता. काम मोजा, सौदे वर्षातून एकदा मोजा, आणि तेही तीन वर्षांचे एकत्र.

तुमचा उलटा हिशोब मी टाकून देत नाही. तो वर्षाला लावा, महिन्याला लावू नका.

---

खिडकीपाशी

दलाली हातात येण्याच्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण माझ्या ओळखीचे निम्मे एजंट इथेच गोत्यात येतात.

माझ्या वहीत एका सौद्याला तीन रकाने आहेत : ‘टोकन’, ‘करार’ आणि ‘खात्यात’. टोकन पडलं की आम्ही पेढे वाटतो. पण टोकन आणि करार यांच्यामध्ये बँकेचं मूल्यांकन असतं, मालकाच्या जुन्या कर्जाची परतफेड असते, सोसायटीचं ना-हरकत पत्र असतं. त्यातून काही सौदे गळतातच. करार झाल्यावर नव्या बांधकामात बिल्डर दलाली टप्प्याटप्प्याने देतो, घेणाऱ्याने अमुक टक्के भरले की मग. एका बिल्डरकडून माझं जवळजवळ एका वर्षाचं येणं दुसऱ्या वर्षात गेलं होतं. बुडालं नाही, पण ज्या वर्षाच्या खर्चासाठी धरलं होतं ते वर्ष तसंच काढावं लागलं.

तेव्हापासून वर्षाचा खर्च ठरवताना फक्त तिसऱ्या रकान्याकडे बघतो. पहिल्या दोन रकान्यांत जे आहे ते पुढच्या वर्षाचं. आणि नव्या बिल्डरबरोबर काम घेण्याआधी दलाली किती मिळणार हे जितकं विचारतो, तितकंच ती कधी मिळणार हेही लेखी घेतो. अर्धा टक्का कमी देणारा पण वेळेवर देणारा बिल्डर मला परवडतो.

---

दुसरा_मजला

खिडकीपाशी, शंभर टक्के सहमत. म्हणूनच मी भाड्याचं काम कधी सोडलं नाही.

विक्रीवाले भाड्याच्या कामाकडे जरा हलकं बघतात. रक्कम लहान असते हे खरं. पण पार्टी आली, घर बघितलं, करार झाला आणि पैसे हातात, हे सगळं एकदोन आठवड्यांत उरकतं. शिवाय करार संपत आला की तीच पार्टी, तोच मालक पुन्हा फोन करतो. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच मला माहीत असतं की कुठल्या महिन्यात कुठले करार संपणार आहेत. अंदाज न बांधता तारखेनिशी लिहिता येईल असं आमच्या धंद्यात एवढंच आहे! माझं ऑफिसभाडं आणि ऑफिसातल्या मुलीचा पगार भाड्याच्या दलालीतून निघतो, विक्रीतलं घरात आणि शिलकीत जातं.

आणि भाडेकरूच पुढे घर घेतात. मालकांनाही कधी ना कधी विकायचं असतं.

---

चावीचा_जुडगा

पण ताई, त्यात दिवस जातो त्याचं काय? चार भाड्याच्या पार्ट्यांना घरं दाखवत फिरलं की विक्रीच्या पार्टीला फोन करायला संध्याकाळ उजाडते. मी तीन वर्षांपूर्वी भाडं बंद केलं आणि विक्री वाढली.

---

दुसरा_मजला

वाढली की पॉयसाँकाकांनी वाढवली? :)

गंमत सोडा, मुद्दा बरोबर आहे. म्हणून मी भाड्याच्या घरांच्या भेटी आठवड्याचे दोनच दिवस ठेवल्यात. ज्याला घाई आहे तो त्या दिवशी येतो. विक्रीच्या पार्टीसाठी रोज सकाळी अकरापर्यंतचा वेळ राखून ठेवते, त्यात भाड्याचा फोन घेत नाही.

---

सांजवात

माझा नवरा एजंट आहे, म्हणून वाचत होते. कोणीच सुट्टीबद्दल लिहिलं नाही. आमच्याकडे रविवार म्हणजे घरं दाखवायचा दिवस, सणाला बुकिंग, आणि रात्री साडेदहाला ‘जरा एक मिनिट’ म्हणून आलेला फोन. नियोजन करायला बसलात की आधी सुट्ट्या लिहा आणि मग उरलेल्या आठवड्यांवर काम मांडा. वर्ष बावन्न आठवड्यांचं धरून हिशोब केला की जी सुट्टी निघते ती आजारपणाची असते.

---

उंबरठा

सांजवात, हे वर मूळ लेखात हवं होतं. आजारपण, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा धरून कामाचे आठवडे चव्वेचाळीस-पंचेचाळीसच उरतात. चावीचा_जुडगा यांच्या १३० पार्ट्यांना पंचेचाळीसने भागलं की आठवड्याला जवळपास तीन होतात. अडीच आणि तीन यातला फरक वर्षभरात चांगलाच जाणवतो.

---

निवांत

रुमाल उचलतो.

या धंद्यात केस पांढरे झाले. संगणकही नव्हता तेव्हापासून एक गोष्ट करतो. वर्षाच्या सुरुवातीला जुन्या सगळ्या पार्ट्यांची यादी काढतो आणि प्रत्येकाच्या ताब्याच्या तारखेला फोन करतो. ‘आज तुम्हाला घरात येऊन इतकी वर्षं झाली, सगळं ठीक ना?’ एवढंच. विकायचंय का, घ्यायचंय का, काही विचारत नाही. लोकांना स्वतःला ती तारीख आठवत नसते, मग त्यांना फार बरं वाटतं. घरातली गळती, शेजारी, मुलगा बाहेरगावी गेला, सगळं सांगतात. आणि शेवटी निम्मे लोक म्हणतात, ‘अहो, आमच्या मेव्हण्याला घर बघायचंय.’

आकडे-बिकडे ठीक आहे. माझ्या लेखी वर्षाचं नियोजन म्हणजे ही यादी. ज्याची यादी दरवर्षी वाढते त्याला बाकी काही लागत नाही.

---

आकडेमोड

निवांतकाका, तुमची यादी म्हणजे आकडेच आहेत की! आणि फार चांगले आकडे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की माणूस आपल्या कामाचा अंदाज बांधताना समोरच्या कामातच गुंततो आणि सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. त्यावर त्यांचा उपाय हाच, की आधी अशाच प्रकारच्या मागच्या कामांचं प्रत्यक्षात काय झालं ते बघा. तुमच्याकडे मागची सगळी कामं नावानिशी आहेत. मागच्या तीन वर्षांत या यादीतून किती पार्ट्या आल्या एवढं मोजलंत तर पुढच्या वर्षाचा अंदाज फळ्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा खरा निघेल.

---

ग्राहक_एकदाच

मी घर घेणारा माणूस. धागा वाचून राहवलं नाही.

उंबरठा यांनी ‘गळ्यात मारणं’ लिहिलंय ते मी अनुभवलंय. महिनाअखेर होती. एजंट दिवसातून चार फोन करायचा, ‘आज टोकन दिलं नाहीत तर घर जाईल.’ आम्ही घाईने दिलं. पार्किंगचा कागद बघायचा राहिला, त्याचा मनस्ताप अजून चालू आहे. ते घर ‘जाणार’ वगैरे नव्हतं हे नंतर कळलं. त्याचा महिन्याचा आकडा पुरा व्हायचा होता.

तुमच्या नियोजनात आमच्यासाठीही एखादा रकाना ठेवा.

---

उंबरठा

ग्राहक_एकदाच, हे वाचून वाईट वाटलं. आणि नेमकं हेच मला म्हणायचंय. महिन्याचा आकडा एजंटच्या डोक्यावर ठेवला की त्याचं ओझं शेवटी पार्टीच्या डोक्यावर जातं.

तुम्ही म्हणता तो रकाना मी ठेवायला सुरुवात करते. ‘नको सांगितलं’ असा. वर्षभरात किती पार्ट्यांना मी स्वतःहून एखाद्या घरापासून परावृत्त केलं. हा रकाना अगदी कोरा राहिला तर माझं काहीतरी बिघडलंय असं समजेन.

---

चावीचा_जुडगा

हा रकाना मला आवडला. मीही ठेवणार.

आणि काम मोजण्याबद्दल एक इशारा. आम्ही एका वर्षी रोजच्या फोनची संख्या ठरवून दिली होती. आमच्या पोरांपैकी एकाने आकडा पुरा करायला मलाच फोन केला, ‘सर, घर घ्यायचा विचार आहे का?’ म्हटलं आहे, पण तुझ्याकडून नाही :)

---

आकडेमोड

याला अर्थशास्त्रात गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना तो मांडला. एखाद्या मोजमापावर दबाव आणला की ते आधी जे दाखवत होतं ते दाखवेनासं होतं. फोन मोजू नका. समोरच्याने स्वतःबद्दल काही सांगितलं, वहीत एक ओळ लिहिता आली, असं बोलणं मोजा. ते बनावट करणं अवघड असतं.

---

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत हेच काम करते. इथे १७ ऑगस्ट २०२४ पासून मोठा बदल झाला. ज्या लिस्टिंग सेवेवर एजंट घरं टाकतात तिच्यावर घेणाऱ्याच्या एजंटला किती दलाली मिळणार हे आता लिहिता येत नाही, आणि पार्टीला घर दाखवण्याआधी लेखी करार करावा लागतो. त्यात आमचा मोबदला स्पष्ट लिहायचा.

सुरुवातीला सगळे धास्तावले होते. पण वर्षाच्या नियोजनासाठी याचा फायदाच झाला. पूर्वी ‘माझ्याकडे पंधरा पार्ट्या आहेत’ असं म्हणायचे, पण त्यातले निम्मे आणखी दोन एजंटांबरोबर फिरत असायचे. आता सही झालेले करार मोजते. सही करणाऱ्या माणसाला खरंच घर हवं असतं. आणि सही घेण्याआधी मी काय करून देणार हे त्याला नीट सांगावं लागतं, त्यामुळे माझंही काम सुधारलं. तुमच्याकडे असा नियम नसला तरी साधं एक पानी पत्र करून घ्यायला काय हरकत आहे?

---

खिडकीपाशी

पत्र मी घेतो, दलाली किती आणि केव्हा द्यायची एवढं लिहून. दहातले दोन जण कां-कूं करतात. पुढे दलाली देताना वाद घालणारेही बहुधा तेच असतात, मग आधीच कळलेलं बरं.

नियमांचा विषय निघालाच आहे तर कॅलेंडरमध्ये नोंदणीची तारीख आधी टाका. सिंगापूरमध्ये एजंटची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, भारतात २०१६ च्या रेरा कायद्याखाली ती पाच वर्षं चालते. पाच वर्षांची तर हमखास विसरते.

---

पायवाट

सगळं वाचतेय आणि लिहून घेतेय. पण तुमच्या सगळ्यांकडे मागच्या वर्षांच्या वह्या आहेत. माझं हे पहिलंच वर्ष. एका सौद्यामागे किती पार्ट्या लागतात हे मला माहीतच नाही. मग मी नियोजन कशावरून करू?

---

दुसरा_मजला

पायवाट, तुझ्यासाठी पहिलं वर्ष वही तयार करायचं. सौद्यांचा आकडा लिहूच नकोस.

एक छोटा भाग निवड, पायी फिरता येईल एवढा. आणि त्यातली प्रत्येक इमारत शिकून घे. मी कशी नोंद ठेवायचे ते सांगते. इमारतीचं नाव, किती मजले, लिफ्ट किती आणि त्यातली चालू किती. पाण्याची वेळ. पार्किंग सदनिकेच्या नावावर आहे की चिठ्ठ्या टाकून वाटतात. कुठल्या बाजूच्या खोल्यांत दुपारचं ऊन येतं, कुठल्या बाजूला रस्त्याचा आवाज. गच्चीला गळती आहे का. हे वॉचमनशी आणि तळमजल्यावरच्या आजींशी बोलल्यावर कळतं, वेबसाइटवर नाही. सोसायटीच्या सचिवांचं नाव आणि त्यांना भेटायची वेळ. गेल्या वर्षी तिथे कुठली घरं विकली गेली आणि नोंदणीच्या कागदावर किती किंमत आहे.

आठवड्याला दोन इमारती नीट झाल्या तरी वर्षाअखेर त्या भागात तुझ्याएवढी माहिती कोणाकडे नसेल. मग पार्टी म्हणते, ‘आई-वडील सोबत आहेत, गुडघे दुखतात’, आणि तू वही न उघडता तीन घरं सांगतेस. तिथून दलाली सुरू होते.

---

निवांत

वा, दुसरा_मजला! अगदी मनातलं.

---

मुक्काम_पोस्ट

व्याजदराचं कोणीच बोललं नाही. आपण कितीही वह्या भरल्या तरी बाजार तिथून हलतो.

वीस वर्षांच्या कर्जाचा दर ८ वरून ९ टक्के झाला तर तेवढ्याच हप्त्यात मिळणारं कर्ज साधारण ७ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे तुमच्या यादीतल्या प्रत्येक कर्जवाल्या पार्टीचं बजेट एका रात्रीत आक्रसतं, घरांच्या किमती मात्र तशाच. भारतात मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. अमेरिकेत तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये शून्याच्या जवळून ५.२५ ते ५.५ टक्क्यांपर्यंत. त्या वर्षी ज्यांनी जानेवारीत आकडा लिहून कपाटात ठेवला होता त्यांचा आकडा सहा महिन्यांत शिळा झाला.

म्हणून माझ्या कागदावर दोन ‘जर’ असतात. जर दर एक टक्का चढले तर यादीतल्या कुठल्या पार्ट्यांना एक पायरी खालची घरं दाखवायची आणि अशी घरं देणारे मालक कोण. जर दर उतरले तर थांबलेल्या कुठल्या पार्ट्यांना पहिला फोन करायचा. नावं आधीच लिहिलेली असतात. बातमी आली की त्याच संध्याकाळी कामाला लागतो.

---

चावीचा_जुडगा

हे मी करत नाही. करायला हवं. बदल मध्येच करावा का या उंबरठा यांच्या प्रश्नाचं उत्तरही यात आलं.

---

उंबरठा

हो, आणि मला वाटतं बदलाचे दिवसही आधीच ठरवून ठेवावेत. मी तिमाही संपली की अर्धा दिवस बसते. तेव्हा खर्च, जाहिरात, भाग, पार्ट्यांची यादी सगळं बदलते. मधल्या काळात एखादा आठवडा वाईट गेला म्हणून हात लावत नाही. नाहीतर आकडेमोड म्हणतात तसं, नशिबाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर आपण दिशा बदलत राहतो.

जाहिरातीचं एक राहिलं. तिचा हिशोब चौकशीमागे करू नका, सौद्यामागे करा. पोर्टलवरून शंभर चौकश्या आल्या आणि त्यातून एक सौदा झाला, तर शंभर फोन करण्यात गेलेला वेळही त्या सौद्याच्या खर्चात धरा. निवांतकाकांच्या यादीतल्या दहा फोनांतून दोन झाले असतील तर पुढच्या वर्षीचा वेळ कुठे घालायचा हे वहीच सांगते.

---

पायवाट

काल रात्री बसून एक कागद केला. बघून सांगा.

कामाचे आठवडे पंचेचाळीस, सुट्ट्या आधी लिहिल्या. एकच भाग. आठवड्याला दोन इमारतींच्या नोंदी. आठवड्याला पाच माणसांशी असं बोलणं, ज्यातून वहीत एक ओळ लिहिता येईल. भाड्याच्या भेटी बुधवारी आणि शनिवारी. दलाली आली की त्याच दिवशी कराचा भाग वेगळ्या खात्यात. तिमाही संपली की अर्धा दिवस. ‘नको सांगितलं’ हा रकाना ठेवलाय. सौद्यांचा आकडा लिहिलेला नाही.

अडलं एकाच ठिकाणी. सहा महिन्यांची शिल्लक आणायची कुठून? माझ्याकडे तीन महिन्यांचीच आहे.

---

खिडकीपाशी

कागद चांगला झालाय. शिलकीबद्दल : पहिल्या वर्षी विक्रीची पार्टी एकटीने धरून बसू नका. ज्याच्याकडे घरं आहेत अशा जुन्या एजंटबरोबर निम्म्या-निम्म्या दलालीवर काम करा. तुमची पार्टी, त्याचं घर. निम्मे पैसे जातात, पण सौदे दुप्पट झाले तर आकडेमोड यांच्या हिशोबाने रिकामे महिने कमी होतील ना?

---

आकडेमोड

बरेच. वर्षाला बाराऐवजी चोवीस लहान सौदे झाले तर रिकाम्या महिन्याची शक्यता ३७ वरून साडेतेरा टक्क्यांवर येते. वर्षाला चाराऐवजी दीडच महिना. एकूण पैसे तेवढेच, पण मधली दरी लहान होते, त्यामुळे कमी शिलकीत भागतं.

---

दुसरा_मजला

आणि भाड्याचे करार संपण्याच्या तारखा आतापासून लिहायला लाग. पायवाट, तुझा भाग माझ्या भागाच्या जवळ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. माझ्याकडे घरं आहेत, पार्ट्या कमी आहेत.

---

पायवाट

व्यनि केला आहे, ताई. निम्म्या दलालीचं पत्र आधी करून घेऊ, दलाली केव्हा द्यायची त्या तारखेसकट :)